सात सॉफ्टवेअर मागितलीत, बजेट ३५ लाख, आधी कुठलं घ्यायचं?

जमाखर्च_रबाळे

नमस्कार मंडळी, पोस्ट मोठी आहे, आधीच सांगते. मी रबाळे एमआयडीसीत एका रबर पार्टवाल्या कंपनीत अकाउंट्स बघते. ओ-रिंग, ऑइल सील, गॅस्केट असला माल, प्रायव्हेट लिमिटेड, टर्नओव्हर ४० कोटीच्या आसपास, कामगार आणि स्टाफ मिळून सव्वाशे माणसं. आत्ता आमच्याकडे टॅली आहे, स्टोअर एक्सेलवर चालतं, प्रॉडक्शन वहीवर, आणि डिस्पॅचचं चलन एका जुन्या प्रोग्राममधून निघतं. तो प्रोग्राम ज्या मुलाने करून दिला तो आता कॅनडात आहे आणि फोन उचलत नाही.

तर झालंय असं की शेठचे चिरंजीव आता ऑफिसला बसायला लागलेत. त्यांनी दिवाळीनंतर सगळ्या डिपार्टमेंटची मीटिंग घेतली आणि म्हणाले, कुणाला काय सॉफ्टवेअर पाहिजे ते बोला. असं विचारल्यावर गप्प कोण बसणार! सेल्सला सीआरएम (गिऱ्हाइकांच्या भेटी, ऑर्डरींची नोंद ठेवणारं) पाहिजे, स्टोअरला बारकोड, प्रॉडक्शनला प्लॅनिंगचं सॉफ्टवेअर, एचआरला चेहरा ओळखणारं हजेरी मशीन आणि पेरोल, डीलर लोकांसाठी मोबाइल ॲप, आणि छोट्या साहेबांना स्वतःच्या फोनवर डॅशबोर्ड. हे झाले सहा. सातवं म्हणजे एक व्हेंडर येऊन सांगून गेला की हे तुकडे कशाला, आमचं ईआरपी, म्हणजे सगळ्या डिपार्टमेंटचं एकच सॉफ्टवेअर, घ्या, सगळं त्यातच आहे. कोटेशन २८ लाख, एएमसी (वर्षाचा मेंटेनन्स) वेगळी, आणि १ एप्रिलला सगळं चालू करून देतो म्हणे. आमचं पुढच्या वर्षाचं बजेट सगळं धरून ३५ लाख.

आणि हे सगळं 'मॅडम, तुम्हीच बघा' म्हणून माझ्या गळ्यात पडलंय. मी एक एक्सेल केलं, प्रत्येक प्रोजेक्टला फायदा, खर्च, रिस्क आणि लागणारा वेळ याचे दहापैकी मार्क, मीटिंगमध्येच सगळ्यांकडून भरून घेतले. पहिला नंबर डॅशबोर्डचा आला, का ते सांगायला नको, छोटे साहेब समोरच बसले होते. बारकोड पाचवा आला कारण स्टोअरचे काका मीटिंगला आलेच नाहीत, खाली माल उतरत होता.

प्रश्न दोन आहेत. यातून निवडायचं कसं, म्हणजे साहेबांसमोर मला ठामपणे मांडता येईल असं. आणि निवडल्यावर प्लॅन कसा करायचा, सगळं एकदम १ एप्रिलला करणं बरोबर आहे का? आमच्यात आयटीचा असा माणूस नाही, एक मुलगा आहे तो प्रिंटर आणि नेटवर्क बघतो.

घोडबंदर_सल्लागार

ताई, मार्कांचं एक्सेल फेकू नका पण ते नंतर लागेल. आधी जी कामं टाळताच येत नाहीत ती स्पर्धेतून बाहेर काढा. कायद्याने करावी लागतात ती, आणि बंद पडली तर धंदाच थांबतो ती. अशा कामांना मार्क देत बसायचं नसतं, त्यांचा खर्च आधी बाजूला ठेवायचा आणि उरलेल्या पैशावर बाकीच्यांनी भांडायचं. तुमच्या सातांत असं एकही नाही, पण तुमच्या पोस्टमध्ये एक आहे जे कुणीच मागितलेलं नाही. तो कॅनडावाला चलन प्रोग्राम. तो ज्या पीसीवर चालतो त्यावर विंडोज १० किंवा त्याहून जुनं काहीतरी असणार, विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. उद्या ती हार्डडिस्क बसली तर तुमचा टेम्पो गेटमधून बाहेर पडणार नाही. हे तुमचं पहिलं काम, बाकी सात नंतर. आणि त्याच्याच जोडीला टॅलीचा बॅकअप कुठे जातो ते बघा, तो परत चढवून कुणी कधी बघितलाय का तेही विचारा, बहुतेक ठिकाणी उत्तर 'घेतो की रोज' एवढंच येतं.

आता तुमचा 'फायदा' हा कॉलम. तिथे १० पैकी ८ लिहून काही कळत नाही, रुपये लिहा. आणि रुपये लिहिताना व्हेंडरच्या आकड्यावर जाऊ नका. त्याचं प्रेझेंटेशन साधारण असं असतं, तुमचा स्टॉक समजा ६ कोटीचा, आमच्या सॉफ्टवेअरने तो १० टक्के कमी होणार, म्हणजे ६० लाख वाचले, २८ लाख सहा महिन्यांत वसूल. वाचले नाहीत हो. ते ६० लाख तुमचेच होते, मालात अडकलेले, ते एकदा मोकळे झाले. वाचतं ते त्याचं व्याज. सीसी, म्हणजे बँकेचं कॅश क्रेडिट, १० टक्क्यांनी असेल तर वर्षाला ६ लाख. आता २८ लाखांत लायसन्स १२ लाखांचं आहे असं धरा, एएमसी त्याच्या २० टक्के, म्हणजे २ लाख ४० हजार दरवर्षी जाणार. हातात उरले ३ लाख ६० हजार. २८ लाख वसूल व्हायला जवळजवळ आठ वर्षं. याचा अर्थ ईआरपी घेऊ नका असा नाही, एक्स्पायर होऊन फेकलेला माल, चुकीचा माल गेल्यामुळे आलेली रिटर्न, उशिरा गेलेली बिलं हे पण त्यात धरायचं आहे. पण ते आकडे तुमच्या वहीतून यायला पाहिजेत, व्हेंडरच्या स्लाइडवरून नाही.

आणि आता जे मला खरं सांगायचंय ते. तुमच्याकडे ३५ लाख आहेत, पण माणसं किती आहेत? प्रत्येक प्रोजेक्टपुढे लिहा की आपल्याकडचं कोण बसल्याशिवाय हा होणार नाही. बारकोडला स्टोअरचे काका लागणार. ईआरपीला काका, तुम्ही आणि प्रॉडक्शन मॅनेजर. प्लॅनिंगला प्रॉडक्शन मॅनेजर आणि परत काका. डीलर ॲपवर स्टॉक दाखवायचा तर परत काका. डॅशबोर्डला तुम्ही, पेरोलला थोड्या तुम्ही. म्हणजे सात प्रोजेक्ट आणि माणसं तीनच, आणि त्यांना रोजचं काम आहेच, आठवड्यातून एक दिवस मोकळा मिळाला तरी खूप. तेव्हा दुसरं एक्सेल करा, उभी माणसं आणि आडवे महिने. एका महिन्यात एका माणसाच्या नावापुढे दोन प्रोजेक्ट आले की त्यातला एक पुढे ढकलायचा, मग त्याला कितीही मार्क असोत. हा कागद छोट्या साहेबांना दाखवा. पैसे आणखी मंजूर करून घेता येतात, स्टोअरचे दुसरे काका कुठून आणणार.

तुर्भे_स्टोअरवाला

सल्लागार साहेब बोलले ते बरोबरच आहे पण मी स्टोअरला उभा राहतो म्हणून सांगतो, यातलं काहीही घ्या, बारकोड घ्या नाहीतर ईआरपी घ्या नाहीतर ॲप घ्या, सगळ्यांच्या खाली आयटम मास्टर, म्हणजे मालाची मूळ यादी, असतो आणि तो घाण असला की वरचं सगळं घाण. तुमच्या लाइनचा माल मी हाताळलाय म्हणून सांगतो, स्टोअरच्या एक्सेलमध्ये एक ओ-रिंग शोधून बघा, '२५ एमएम नायट्राइल' एक, 'ओरिंग २५ एनबीआर' दुसरी (एनबीआर म्हणजे नायट्राइलच), 'रिंग काळी २५' तिसरी, आणि माल एकच, बिनमधे एकाच ठिकाणी पडलेला. आणि उलटं पण असतं, नाव एक आणि माल दोन, नायट्राइल आणि व्हायटन दोन्ही '२५ ची रिंग' म्हणून टाकलेले. व्हायटन कितीतरी पट महाग आणि २०० डिग्रीच्या आसपास टिकतं, नायट्राइल १०० च्या पुढे कडक व्हायला लागतं, ते चुकून गरम लाइनवर गेलं की कस्टमर डेबिट नोट पाठवतो आणि सेल्सवाला स्टोअरला शिव्या घालतो. व्हायटन पण काळ्या रंगात येतं ना, डोळ्याने काय ओळखणार.

म्हणून माझं म्हणणं, कुठलंही सॉफ्टवेअर घ्यायच्या आधी मास्टर साफ करणं हाच एक वेगळा प्रोजेक्ट धरा, त्याला तारीख द्या, माणूस द्या. व्हेंडर सांगतो तुमचा एक्सेल द्या आम्ही अपलोड करतो, तो करतो पण, एका दिवसात करतो, कचऱ्यासकट नवीन घरात सामान टाकल्यासारखं. आमच्या आधीच्या कंपनीत हेच झालं, सिस्टीममध्ये स्टॉक आहे म्हणून खरेदी केली नाही आणि बिनमध्ये वेगळाच माल निघाला, शेवटी सगळे परत एक्सेलवर.

जमाखर्च_रबाळे

@तुर्भे_स्टोअरवाला दादा, तुम्ही आमच्याकडे येऊन गेलात का हो कधी? आज काकांकडून एक्सेल घेतलं आणि मटेरियल, साइज असं सॉर्ट करून बघितलं. साडेचार हजार ओळी आहेत, त्यातल्या निम्म्यांना मटेरियलच लिहिलेलं नाही. आणि एचएसएनचा, म्हणजे जीएसटीसाठीच्या मालाच्या कोडचा, वेगळाच गोंधळ, 'गॅस्केट' म्हटलं की कुणीतरी सरसकट ४०१६ टाकलंय, धातू आणि रबर मिळून असलेलं असेल तर ते ८४८४ मध्ये जातं आणि नुसतं पीटीएफईचं असेल तर ३९२६, हे मला अकाउंट्सला बसून माहिती आहे पण स्टोअरच्या शीटमध्ये कोण बघतो. बिल करताना मी दरवेळी हाताने दुरुस्त करते.

काकांना विचारलं मटेरियल का नाही लिहिलं, तर म्हणाले मला माहितीये ना कुठली कुठली आहे ती. ते पुढच्या वर्षी रिटायर होतायत.

सीए_नौपाडा

१ एप्रिलबद्दल बोलतो कारण माझ्या निम्म्या क्लायंटना हा मोह होतो. कारण समजण्यासारखं आहे, नवीन वर्ष, ओपनिंग बॅलन्स टाकले की झालं, मधले व्यवहार हलवायचे नाहीत. पण १ एप्रिलला तुमचं मागच्या वर्षाचं क्लोजिंग झालेलं असतं का? नसतं. मार्चची बिलं एप्रिलभर येत असतात, बँकेशी हिशोब जुळवणं (रिको) बाकी असतं, स्टॉक मोजायचा असतो, आणि टॅक्स ऑडिट तर ३० सप्टेंबरपर्यंत चालतं. म्हणजे जे ओपनिंग तुम्ही टाकणार ते कच्चं, नंतर बदलणार. आणि हे सगळं करणारी व्यक्ती कोण, तर तुम्हीच. ११ तारखेला जीएसटीआर-१, २० ला ३बी, ही जीएसटीची रिटर्न थांबत नाहीत.

मधल्या वर्षात सुरू करायला कायद्याची आडकाठी नाही. लोक बिल नंबरला घाबरतात, पण सीजीएसटीच्या नियम ४६ प्रमाणे एकापेक्षा जास्त सिरीज चालतात, फक्त नंबर १६ कॅरेक्टरच्या आत आणि त्या आर्थिक वर्षात तोच नंबर परत यायला नको. नव्या सिस्टीमला नवी सिरीज द्या. माझा सल्ला, स्टॉक आणि खरेदी १ ऑक्टोबरला, सहामाहीची मोजणी करून. अकाउंट्स त्याच्या पुढच्या एप्रिलपर्यंत टॅलीतच ठेवा.

व्हेंडरला विचारायच्या गोष्टी. तुम्ही प्रायव्हेट लिमिटेड आहात, म्हणजे १ एप्रिल २०२३ पासून अकाउंटिंग सॉफ्टवेअरला ऑडिट ट्रेल पाहिजेच, कुणी कुठली एंट्री कधी बदलली ते, आणि तो बंद करता येता कामा नये. त्याला सहज विचारा, एडिट लॉग बंद करता येतो का हो? 'तुम्हाला पाहिजे तर करून देऊ' म्हणाला की चहा पाजून वाटेला लावा. चलनाच्या त्या जुन्या प्रोग्राममधून बिलं पण निघत असतील तर ऑडिटर तिथेही बोट ठेवेल. मग ई-इनव्हॉइस, म्हणजे बिल सरकारी पोर्टलवर चढवणं. तुम्ही ५ कोटीच्या वरचे, म्हणजे १ ऑगस्ट २०२३ पासून त्यात आहातच, आणि १० कोटीच्या वर असल्यामुळे १ एप्रिल २०२५ पासून बिलाच्या तारखेपासून ३० दिवसांत पोर्टलवर चढवलं नाही तर पोर्टल घेतच नाही. नव्या सिस्टीमचं ई-इनव्हॉइसचं कनेक्शन पहिल्या आठवड्यात अडकलं तर काय करणार ते लिहून घ्या, तोंडी नको. एचआरच्या मागणीबद्दल एकच, चार लेबर कोड २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेत, वेजेसची व्याख्या बदललीय, पेरोल घेताना ते कसं बसवणार ते विचारा.

आणि वर्षाचा प्लॅन करताना माणसांचा सगळा वेळ भरून टाकू नका, थोडा रिकामा सोडा. ३ सप्टेंबर २०२५ ला जीएसटी काउन्सिलची मीटिंग झाली आणि २२ तारखेपासून नवे दर. एका क्लायंटकडे दर प्रोग्राममध्येच लिहून ठेवलेले होते, मास्टरमध्ये नव्हते, त्यांचे ते तीन आठवडे दुसरं काही झालं नाही. तुमच्या मालाला फरक पडला नसेल, पण पुढचं काय येईल ते काही मला विचारून येणार नाही.

महापे_नाइटशिफ्ट

मी मिलेनियम बिझनेस पार्कमध्ये ईआरपी सपोर्टला आहे त्यामुळे थोडा बायस धरून वाचा. वर सगळे व्हेंडरला झोडपतायत पण तो एका बाबतीत बरोबर बोललाय. सहा वेगवेगळी सॉफ्टवेअर सहा व्हेंडरकडून घेतलीत तर दोन वर्षांनी तुमच्याकडे कस्टमरच्या सहा याद्या असतील, सीआरएममध्ये एक नाव, डीलर ॲपमध्ये दुसरं, टॅलीत तिसरं, आणि त्या जुळवायला परत तुम्हीच. तेव्हा पाया एक ठेवा. पण पाया एक म्हणजे सगळं एकाच दिवशी चालू असं नाही, लोक इथेच गल्लत करतात.

हर्शीज चॉकलेटवाल्यांचं उदाहरण आमच्या फील्डमध्ये सगळ्यांना माहिती असतं. ११.२ कोटी डॉलरचा प्रोजेक्ट, ईआरपी, सप्लाय चेनचं प्लॅनिंग आणि सीआरएम तिन्ही एकत्र, ४८ महिने लागतील असं सांगितलेलं असताना ३० महिन्यांत बसवायला घेतलं आणि चालू केलं जुलै १९९९ मध्ये, हॅलोविनच्या सीझनच्या ऑर्डरी यायला लागतात त्याच वेळेला. माल गोदामात पडून आणि सुमारे १० कोटी डॉलरच्या ऑर्डरी पाठवता आल्या नाहीत. सॉफ्टवेअर वाईट नव्हतं, तेच पुढे चाललं. तारीख आणि तिन्ही एकदम हा घोळ. तुमच्यासाठी हॅलोविन म्हणजे मार्चएन्ड, सगळे डीलर टार्गेटसाठी माल उचलतात तेव्हा.

दुसरं उदाहरण जर्मनीच्या लिडल सुपरमार्केटचं. त्यांची जुनी सवय स्टॉकची किंमत खरेदीच्या भावाने धरायची, पॅकेजमध्ये ती विक्रीच्या भावाने. त्यांनी सवय बदलली नाही, पॅकेज बदलत बसले, सात वर्षं आणि साधारण ५० कोटी युरो घालून २०१८ मध्ये सगळं गुंडाळलं. तेव्हा निवडतानाच ठरवा, आपलं कुठलं काम खरंच वेगळं आहे आणि कुठलं फक्त 'आमच्यात असंच करतात' म्हणून आहे. तुमचं चलन तीन रंगात निघत असेल तर ती सवय आहे, सोडा. क्युअर डेटनुसार, म्हणजे रबर पकवल्याच्या तारखेने, जुना लॉट आधी काढणं ही गरज आहे, रबर नुसतं ठेवून पण म्हातारं होतं, तिथे तडजोड नको.

डेमोला त्याचा डेटा बघू नका. तुमच्याकडचे चार-पाच अवघड व्यवहार कागदावर लिहून न्या आणि म्हणा हे समोर करून दाखवा. कंपाउंड, म्हणजे मिसळलेलं कच्चं रबर, बाहेर जॉबवर्कला मोल्डिंगला दिलं, ८० किलो गेलं, पार्ट आले, फ्लॅश (साच्याबाहेर आलेलं जादा रबर) स्क्रॅपमध्ये गेलं, थोडं परत आलं, आणि एका वर्षाच्या आत इनपुट परत यायला पाहिजे त्याचा हिशोब कुठे दिसतो ते दाखव. कस्टमरने अर्धा लॉट रिजेक्ट केला, त्याच्या बॅचचं सर्टिफिकेट काढून दाखव. याच्यावर जो 'हे कस्टमायझेशनमध्ये येईल' म्हणेल त्याला तिथेच रेट विचारायचा, नंतर चेंज रिक्वेस्ट म्हणून येतो तेव्हा रेट त्याचा असतो.

सीए साहेबांशी एका ठिकाणी असहमत. स्टॉक नव्यात आणि अकाउंट्स टॅलीत असे सहा महिने म्हणजे प्रत्येक खरेदीची एंट्री दोनदा. ती कोण करणार? परत मॅडमच. एक तर मधला दुवा पहिल्या दिवसापासून चालला पाहिजे नाहीतर दोन्ही एकत्र हलवा.

घोडबंदर_सल्लागार

@महापे_नाइटशिफ्ट, एंट्री दोनदा होते हे मान्य, पण सहा महिने सगळ्या एंट्री दोनदा करायची गरज नाही. स्टॉकच्या सिस्टीमने रोज संध्याकाळी खरेदीची एक फाइल काढायची आणि टॅलीने ती इम्पोर्ट करायची, एवढं तर कुठलंही बरं पॅकेज करतं. ते डेमोतच करून दाखवायला सांगा. दोन्ही एकत्र हलवण्यात मला भीती अशी की काही चुकलं तर स्टॉकमध्ये चुकलं की अकाउंट्समध्ये हेच कळत नाही, आणि जुळवायला जुनं काही उरलेलं नसतं.

कराराबद्दल पण लिहितो. पैसे तारखेला नाही, कामाला बांधा. मास्टर अपलोड होऊन तुमच्या सहीने पास झाला की इतके, पहिलं ई-इनव्हॉइस खऱ्या पोर्टलवर गेलं की इतके, आणि शेवटचे २० टक्के दोन महिन्यांचं क्लोजिंग नव्या सिस्टीमवर झाल्यावरच. आणि उद्या सोडून जायचं ठरलं तर आमचा सगळा डेटा एक्सेलमध्ये काढून देणार, जादा पैसे न घेता, ही ओळ करारात पाहिजे. तुमच्या कॅनडावाल्याच्या वेळी असा कागद कुणी केला नव्हता हे उघडच आहे.

ऐरोलीकर७७

सगळे शहाणे लोक बोलतायत तर मी उलटं बोलतो. आधी डॅशबोर्ड द्या राव.

हसू नका. तुम्ही आता छोट्या साहेबांना सांगणार की आधी जुना चलन प्रोग्राम बदलू, मग सहा महिने आयटम मास्टर साफ करू, मग बारकोड. त्या माणसाला एवढे महिने फोनवर काय दिसणार? घंटा काहीच नाही. तिसऱ्या महिन्यात तो विचारणार पैसे कुठे गेले आणि चौथ्या महिन्यात कुणीतरी कॉलेजचा मित्र घेऊन येणार, हा एआयवाला आहे म्हणून. जो पैसे देतो त्याचा धीर टिकवणं हे पण प्लॅनिंगच आहे. टॅलीमध्ये आज जे आहे त्यातूनच त्याला दर सोमवारी एक पान द्या, कुणाकडून किती येणं आहे आणि ९० दिवसांच्या वर किती, आणि मायक्रो-स्मॉल सप्लायरचं पेमेंट ४५ दिवसांच्या पुढे कुठे जातंय, मार्चअखेरपर्यंतही दिलं नाही तर आयकरात तो खर्च त्या वर्षी मिळत नाही, हे ऐकलं की कुठलाही मालक ताठ बसतो. याला वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही, एक्सेल आणि व्हॉट्सॲप पुरतं. मोठा डॅशबोर्ड नंतर.

सीआरएमबद्दल, सेल्सवाल्यांना आधी विचारा की आत्ता भेटींचा रिपोर्ट भरता का. नसतील भरत तर ॲपवर पण भरणार नाहीत, आणि भरत असतील तर सध्या गूगल फॉर्मवर भागेल.

सीए_नौपाडा

ऐरोलीकर, मुद्दा मान्य. ४५ दिवसांत एक सुधारणा, सप्लायरशी लेखी करार असेल तरच ४५, नसेल तर १५. आणि सप्लायर मायक्रो किंवा स्मॉल आहे की मीडियम हे उद्यम सर्टिफिकेटवरून (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) मास्टरमध्ये टाका, म्हणजे परत मास्टरच आला.

जमाखर्च_रबाळे

मंडळी, सगळं वाचून आज छोट्या साहेबांसमोर बसले. मार्कांचं एक्सेल उघडलंच नाही, माणसं आणि महिन्यांचं दाखवलं. काकांच्या नावापुढे मार्च ते जुलै चार रंग एकावर एक आले होते, ते बघून साहेबच म्हणाले हे होणार नाही. रिटायरमेंटचं त्यांच्या लक्षातच नव्हतं. आता काकांच्या हाताखाली डिप्लोमावाला एक मुलगा घेतायत, आयटम मास्टर त्या दोघांनी करायचा, रोज दोन तास, काका सांगणार आणि मुलगा लिहिणार, एचएसएन मी तपासणार. मटेरियल लिहिल्याशिवाय ओळ पास नाही.

बाकी ठरलं ते असं. चलन प्रोग्राम लगेच बंद, चलन आणि बिलं टॅलीतूनच, त्यासाठी आमचा टॅलीवाला दीड लाख मागतोय. हजेरी मशीन जानेवारीत, कारण त्याला आमच्या तिघांपैकी कुणीच लागत नाही, एचआर आणि नेटवर्कचा मुलगा करतील. गंमत म्हणजे मार्कांत ते शेवटचं होतं. पेरोल नंतर. सोमवारचं एक पान मी करणार. ईआरपीचे तीन व्हेंडर बोलावायचे पण मास्टर निम्मा तरी साफ झाल्यावर, आणि डेमोला आमचे व्यवहार देऊन. स्टॉक, खरेदी आणि बारकोड १ ऑक्टोबरला, अकाउंट्स पुढच्या एप्रिलला, टॅलीचा दुवा जमला तर, नाहीतर महापेवाल्या दादांचं ऐकावं लागेल. डीलर ॲप आणि सीआरएम या वर्षात नाहीत, सेल्स हेड माझ्याशी बोलत नाहीयेत दोन दिवस. प्लॅनिंगचं सॉफ्टवेअर प्रॉडक्शन मॅनेजरनीच मागे घेतलं, म्हणाले आधी स्टॉक खरा दिसू दे, मग मी प्लॅन कशावर करायचा ते सांगतो. बजेटमधले ७ लाख मोकळे ठेवलेत, साहेब त्यावर कुरकुरले पण सप्टेंबरचं उदाहरण दिल्यावर गप्प बसले.

एक प्रश्न राहिला, बारकोडचा. ओ-रिंगच्या पाकिटांना तेलाचे हात लागतात, लेबल टिकतील का? व्हेंडर म्हणतो साधा थर्मल प्रिंटर पुरेल.

तुर्भे_स्टोअरवाला

नाही पुरणार ताई. साधा थर्मल म्हणजे दुकानातल्या पावतीसारखा कागद, उष्णतेने आणि तेलाने उडतो, मेमध्ये पत्र्याच्या शेडखाली चार महिने ठेवलं की कोरं. रिबनवाला प्रिंटर घ्या, थर्मल ट्रान्सफर म्हणतात, लेबल कागदाचं नको पॉलिस्टरचं आणि रिबन रेझिनची, महाग पडते पण तेल लागलं तरी वाचता येतं. आणि लेबलवर बारकोडच्या शेजारी मटेरियल आणि क्युअर डेट मोठ्या अक्षरात छापा, स्कॅनर बंद असला तरी माणूस वाचू शकला पाहिजे. घ्यायच्या आधी दोन्हीची दहा-दहा लेबलं काढून काकांच्या टेबलावर तेलाच्या फडक्याखाली आठवडाभर ठेवा आणि व्हेंडरला दाखवा.